अळणी पथ्याची वंशावळ

पोटात पाणी झालेल्या माणसाचं मीठ तोडायचं, हा हुकूम मुळात कुणाचा? रायगडच्या किनाऱ्यावर, मुरूडपासून उरणपर्यंत, लिव्हर खराब झालेला माणूस दवाखान्यातून परततो तेव्हा औषधांच्या चिठ्ठीवर 'मीठ कमी' हे दोन शब्द असतातच. घरचे ते पाळतात. दोन-तीन महिन्यांनी रक्ताचा अहवाल येतो, त्यात सोडियम 126. शेजारी छापलेलं असतं की निरोगी माणसाचं 135 ते 145 असतं. घरातली जाणती बाई म्हणते, "बघा, तरी सांगत होते. मीठ तोडलंत, आता अंगातलं मीठच संपलं." आणि त्याच संध्याकाळी लिंबू, साखर, मीठ घातलेलं सरबत सुरू होतं.

तिचं म्हणणं चूक आहे, पण वेडगळ मुळीच नाही. हा गुंता सोडवायला वैद्यकाला स्वतःलाच विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. अळणी पथ्य त्याच्या किती तरी आधीपासून चालत आलेलं होतं. त्याचं कारण मात्र दर काही शतकांनी बदलत गेलं.

सगळ्यात जुना धागा चरकसंहितेत सापडतो. चिकित्सास्थानाचा तेरावा अध्याय उदररोगांवर आहे. त्यात उदराचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि जलोदर हा त्यातला शेवटचा, बाकीचे बिघडत जाऊन ज्यात परिणत होतात असा. पथ्याची यादी आजच्या कोळी किंवा आगरी घरात वाचून दाखवली तर जेवायला काही उरणारच नाही. पाण्यातल्या आणि पाणथळीतल्या प्राण्यांचं मांस नको, खारट नको, आंबट नको, पिठाचे जड पदार्थ नकोत; इतकंच काय, पाणी पिणंसुद्धा नको. पोटातलं पाणी काढल्यावरचा क्रम तर वर्षभराचा आहे. आधी लंघन, मग तूप-मीठ न घातलेली पेज. पुढे सहा महिने फक्त दूध. त्यानंतर तीन महिने दुधासोबत पेज, आणि शेवटचे तीन महिने सावा किंवा कोद्रा, दुधाबरोबर, तोही अळणी. असं केलं तर वर्षात जलोदर जिंकता येतो, असा चरकाचा दावा आहे. दावा बाजूला ठेवू. पण मीठ आणि पाणी ही दोन्ही बंधनं एकाच यादीत आली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे दोन हजार वर्षांनी वाद झाला तो याच दोघांतलं आधी कुणाला धरायचं यावर.

सुश्रुताचा भर हत्यारावर. रोग्याला बसवून, पोट पट्ट्याने आवळून, बेंबीच्या खाली डाव्या बाजूला, मधल्या केसांच्या रेषेपासून चार बोटं सोडून व्रीहिमुख नावाच्या शस्त्राने अंगठ्याच्या जाडीएवढं खोल टोचायचं, आणि धातूची किंवा पिसाची नळी घालून पाणी काढायचं. डावीकडची खालची जागा आजही डॉक्टर पसंत करतात. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. सगळं पाणी एका दिवसात काढू नका, असं सुश्रुत बजावतो. काढलं तर तहान, ताप, अंगदुखी, जुलाब, दम लागणं हे सगळं मागे लागेल. म्हणून काही दिवसांच्या अंतराने थोडं थोडं काढा आणि प्रत्येक वेळी पोट घट्ट गुंडाळा. हे निरीक्षण हाताने काम केलेल्या माणसाचंच आहे, नुसत्या ग्रंथावर बसून हे सुचत नाही. एकदम पाणी काढलं की रक्ताभिसरण ढासळतं, हे आधुनिक वैद्यकाने मोजून दाखवलं ते 1988 मध्ये, बार्सिलोनात.

यकृताचा संबंधही जुन्या वैद्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. प्लीहा वाढून होणाऱ्या प्लीहोदराबरोबरच उजव्या कुशीत वाढणाऱ्या यकृताचं उदर त्यांनी नोंदवलं आहे. सुकून आकसलेलं, गाठाळ यकृत मात्र प्रेत फाडल्याशिवाय दिसत नाही. ते युरोपात दिसलं, आणि 1819 मध्ये फ्रेंच डॉक्टर लेनेकने त्याला सिरॉसिस हे नाव दिलं. छातीला नळी लावून ऐकण्याचा स्टेथोस्कोप याच लेनेकचा. आठ वर्षांनी व्हिएन्नात संगीतकार बीथोव्हेन गेला तो याच दुखण्याने. डिसेंबर 1826 ते फेब्रुवारी 1827 या काळात त्याच्या पोटातलं पाणी चार वेळा काढलं, आणि शवविच्छेदनात यकृत आकसलेलं निघालं.

इथे जरा किनाऱ्यावर थांबावंसं वाटतं. मीठ आणि दारू या दोन्ही गोष्टी एकाच जागी मोठ्या प्रमाणावर तयार होत असलेलं या भागातलं ठिकाण म्हणजे उरण. 1882 च्या सुमाराच्या गॅझेटिअरमध्ये उरण ठाणे जिल्ह्याच्या खंडात येतं, पुढे ते कुलाब्यात आलं, आणि कुलाब्याचं नाव रायगड झालं 1981 मध्ये. एकोणिसाव्या शतकात उरणच्या खाजणांत मिठागरं पसरलेली होती, आणि शेजारी पारशी मालकांच्या भट्ट्या होत्या. गुजरातच्या बाजूने आलेल्या मोहाच्या फुलांची दारू इथे गाळली जाई आणि मोरा बंदरातून मुंबईला जाई. मुंबईच्या गिरणगावात रात्री जी दारू प्यायली जाई, तिच्यात उरणचा वाटा फार मोठा होता.

सरकारने या दोन्हींना एकाच दावणीला बांधलं होतं. मुंबई इलाख्यात कस्टम्स, मीठ, अफू आणि अबकारी या सगळ्यांवर एकच आयुक्त. चार्ल्स प्रिचर्ड हा त्यातला सगळ्यात गाजलेला. 1878 चा अबकारी कायदा आला, माडी-ताडीसाठी झाड छेदण्यावर कर बसला, भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा परवान्याच्या कागदावर आला. 1892 मध्ये मोहाच्या फुलांवरच कायदा झाला. तो ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी होता, आणि घरात फुलं बाळगण्यावर त्याने निर्बंध घातले. मिठाचा करही 1888 मध्ये मणाला अडीच रुपयांवर गेला. तळहातभर मीठ खरवडणारा आणि मडकंभर माडी उतरवणारा, दोघंही एकाच खात्याचे गुन्हेगार. त्या खात्याच्या हिशेबात मीठ आणि दारू म्हणजे महसूल. माणसाच्या पोटात जाऊन दोघांची गाठ पडते ती नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

आता हे वाचून कुणी म्हणेल की म्हणजे लिव्हर म्हटलं की दारू आलीच. तसं नाही. हिपॅटायटिस बी आणि सी, साखर आणि लठ्ठपणाबरोबर येणारं चरबीचं यकृत, काही जन्मजात आजार, यांतूनही सिरॉसिस होतो आणि दारूचा थेंबही न शिवलेल्या बाईच्या पोटात पाणी होतं. गावात मात्र तिच्याबद्दलही कुजबुज होतेच, आणि तिच्या नवऱ्याला उगीच खाली बघावं लागतं. उरणच्या भट्ट्या मी मांडल्या त्या या किनाऱ्याचा इतिहास म्हणून. कुणावर ठपका ठेवायला नव्हे.

मिठाकडे शास्त्राची नजर वळली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पॅरिसमध्ये. विडाल आणि जावाल यांनी 1903 च्या सुमारास दाखवलं की मूत्रपिंडाच्या रोग्याच्या आहारात मीठ वाढवलं की सूज वाढते आणि काढून घेतलं की उतरते. रोग्याला काट्यावर उभं करून, मीठ मोजून देऊन, वजन लिहून ठेवणं ही त्यांची पद्धत. 1940 च्या दशकात अमेरिकेत वॉल्टर केम्पनरने रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांना नुसता भात आणि फळं देऊन पाहिली. यकृताची पाळी 1949 मध्ये आली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात आयझेनमेंगर, आरेन्स, ब्लॉन्डहाइम आणि कुंकेल यांनी सिरॉसिसच्या रोग्यांना अत्यंत कडक अळणी आहारावर ठेवलं आणि पोटातलं पाणी कमी होतं हे दाखवलं. पाणी पिण्यावर बंधन नव्हे, मिठावर. चरकाच्या यादीतल्या दोन कलमांपैकी पहिलं कुठलं, याचा निकाल इथे लागला.

त्याच दशकात फ्लेम फोटोमीटर हे यंत्र दवाखान्यांत आलं. रक्ताचा नमुना ज्योतीत फवारायचा, सोडियमची पिवळी झळाळी मोजायची. त्याआधी सोडियम मोजणं म्हणजे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत दिवस घालवणं होतं. यंत्र आलं आणि सगळे चक्रावले. ज्या रोग्यांचं अंग मिठाने फुगलेलं असं समजत होते, त्यांच्याच रक्तात सोडियम कमी निघत होतं. पोटात पाणी जितकं जास्त आणि आजार जितका पुढचा, तितका आकडा खाली. वर जिचा उल्लेख केला त्या जाणत्या बाईचा प्रश्न तेव्हा मोठमोठ्या प्राध्यापकांनाही पडला होता, आणि काही ठिकाणी रोग्यांना मीठ चारूनही झालं. पोट फुगलं, सूज वाढली, आणि रक्तातलं सोडियम टिकून वर राहिलं नाही.

याचा उलगडा मिठागरावरून करता येतो. आगरात भरतीचं पाणी घेतात, कुप्यांत उन्हाने पाणी उडतं, मीठ मागे राहतं आणि खारटपणा चढत जातो. सिरॉसिसमध्ये नेमकं उलट होतं. मीठही अडतं आणि पाणीही अडतं, पण पाणी मिठापेक्षा जास्त अडतं. त्यामुळे एकूण साठा भरपूर आणि तरीही द्रावण पातळ. अहवालातला आकडा हा दर लिटरमागचा असतो, अंगात एकूण मीठ किती याचा नसतो.

थोडा हिशेब मांडतो, म्हणजे चित्र पक्कं होईल. पोटात साठणाऱ्या पाण्यात सोडियमचं प्रमाण जवळपास रक्ताएवढंच असतं. म्हणजे प्रत्येक लिटरमागे साधारण आठ ग्रॅम मीठ. पोटात दहा लिटर पाणी असेल तर तिथेच 75 ते 80 ग्रॅम मीठ अडकून पडलेलं आहे. आता रोगी रोज दहा ग्रॅम मीठ खातो आणि त्याच्या लघवीतून एकच ग्रॅम बाहेर पडतं असं धरा. पुढे गेलेल्या आजारात ते इतकंच, कधी त्याहूनही कमी पडतं. उरलेल्या नऊ ग्रॅमसाठी शरीर रोज सुमारे एक लिटर पाणी धरून ठेवणार. आठवड्यात पोट पुन्हा टम्म.

मूत्रपिंड असं का वागतं, यावर 1960 ते 1990 एवढा काळ वाद चालला. यकृतातून वाट अरुंद झाली की आतड्याकडच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी झिरपतं, हा स्टार्लिंगच्या 1896 च्या सिद्धान्तातून आलेला सरळ विचार. त्यावर काहींनी म्हटलं, मूत्रपिंड आधीच मीठ अडवतं आणि मग ते पोटात सांडतं. 1988 मध्ये श्रायर आणि सहकाऱ्यांनी जी मांडणी केली, ती बरीचशी आज टिकून आहे. आतड्याकडच्या धमन्या सैलावतात, रक्त तिथे रेंगाळतं, आणि शरीराला वाटतं की रक्त कमी पडलं. मग ते दुष्काळाच्या वेळचे सगळे उपाय एकदम करतं. रेनिन आणि आल्डोस्टेरॉन मीठ अडवतात. मेंदूतून येणारं व्हॅसोप्रेसिन पाणी अडवतं. पहिल्यामुळे पोटात पाणी, दुसऱ्यामुळे रक्तात सोडियम कमी. आल्डोस्टेरॉन सापडलं 1953 मध्ये, लंडनमध्ये सिम्पसन आणि टेट या जोडीला. त्याला विरोध करणारं स्पायरोनोलॅक्टोन 1950 च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि आज अलिबाग-पेणच्या औषधाच्या दुकानातही ते सहज मिळतं. साठच्या दशकात फ्युरोसेमाइड आलं. गोळ्यांनी लघवी होते म्हटल्यावर टोचून पाणी काढणं मागास ठरलं, आणि सुश्रुताचं हत्यार जवळजवळ वीस वर्षं कपाटात गेलं.

ते परत काढलं बार्सिलोनाच्या मंडळींनी. जिनेस, आरोयो, रोदेस यांनी 1987 मध्ये दाखवलं की फुगलेल्या पोटातलं पाणी टोचून काढणं गोळ्या वाढवत नेण्यापेक्षा लवकर आराम देतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुढचं दाखवलं: पाणी काढताना शिरेतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन दिलं नाही तर मूत्रपिंडं बिघडतात आणि सोडियम घसरतं. आता पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढायचं असेल तर दर लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम अल्ब्युमिन, हा दंडक आहे. सुश्रुताने थांबून थांबून काढायला सांगितलं. बार्सिलोनाने बाटली लावून एका बैठकीत काढायची सोय केली. अडचण दोघांनी एकच ओळखली होती. फरक इतकाच की अल्ब्युमिनच्या बाटलीला पैसे पडतात, आणि किनाऱ्यावरच्या घरात पुढच्या वेळी पाणी कधी काढायचं हे बरेचदा त्या पैशावर ठरतं.

कमी सोडियमचं औषधही शोधून झालं. व्हॅसोप्रेसिनला अडवणारं टोल्व्हाप्टान. त्याच्या चाचण्यांना कुणी मिश्कीलपणे 'सॉल्ट' असंच नाव दिलं होतं; निष्कर्ष 2006 मध्ये छापून आले. सोडियम वाढलं. 2009 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. 2013 मध्ये तिथल्याच औषध प्रशासनाने सांगितलं की हे औषध 30 दिवसांपेक्षा जास्त देऊ नका आणि यकृताचा आजार असलेल्यांना तर देऊच नका, कारण ते यकृतालाच बाधू शकतं. म्हणजे ज्यांना गरज, त्यांनाच बंदी. भरीला, सोडियम घाईने वर नेणंही धोक्याचं आहे. कुपोषित आणि दारू पिणाऱ्या रोग्यांच्या मेंदूच्या बुंध्यात होणारी इजा ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी 1959 मध्ये वर्णिली, आणि पुढे तिचं कारण कळलं: चोवीस तासांत सोडियम फार चढवणं. म्हणून आता दिवसाला आठ अंकांच्या वर नेत नाहीत.

उरलं काय? सोडियम 125 च्या खाली गेलं की लघवीच्या गोळ्या थांबवायच्या किंवा कमी करायच्या, गरज पडली तर अल्ब्युमिन द्यायचं, आणि पाणी दिवसाला लिटर-दीड लिटरवर आणायचं. ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात दीड लिटर पाण्यावर दिवस काढणं म्हणजे काय हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. चरकाची दुसरी अट अशी परत आली, पण सरसकट नाही. आकडा पाहून, शेवटी, आणि नाइलाजाने. सोडियम नॉर्मल असलेल्या रोग्याचं पाणी तोडण्यात काही अर्थ नाही, आणि तरी कितीतरी घरांत पहिल्या दिवसापासून तांब्या लपवला जातो.

मिठाची दोरी मात्र सैल झाली आहे. रॉकफेलरचा कडक अळणी आहार कुणी आता सांगत नाही. दिवसाला साधारण पाच ते सात ग्रॅम मीठ चालतं, म्हणजे एक लहान चमचा भरून, पण दिवसभराचं सगळं मिळून. कारण साधं आहे: अगदी अळणी जेवण तोंडात फिरत नाही, रोगी जेवत नाही, आणि सिरॉसिसमध्ये उपासमार ही सोडियमइतकीच मारक आहे. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं हवीत. मांस-मासळी बंद करा हा जुना सल्ला 2004 नंतर मागे पडत गेला. म्हणजे चरकाने तोडलेली मासळी ताटात परत आली.

कोकणातल्या ताटाकडे या नजरेने पाहिलं तर काम सोपं होतं. बहुतेक घरांत भातात मीठ नसतं, तांदळाच्या भाकरीत असलं तर चिमूटभर. मीठ येतं कालवणातून, आणि त्याहून जास्त ताटाच्या डाव्या बाजूने: पापड, लोणचं, मिरगुंड, खारवलेली मिरची. सुक्या मासळीतही भेद करायला हवा. वलांडीवर वाळवलेले बोंबील आणि अंगणात पसरलेला जवळा बहुधा मीठ न लावता वाळवतात. समुद्राच्या पाण्याचा खारटपणा त्यात असतो, पण मिठात मुरवलेल्या खाऱ्या बांगड्याशी त्याची बरोबरी नाही. 'सुकी मासळी बंद' असं एका ओळीत लिहून मोकळं होणारा डॉक्टर रोग्याचं स्वस्तातलं प्रथिन तोडतो आणि लोणच्याची बरणी तशीच ठेवतो.

दोन-तीन चोरवाटा तर मिठासारख्या दिसतही नाहीत. पहिली सलाईनची. अशक्तपणा आला की 'एक बाटली लावा' हा आग्रह घराघरांत असतो. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे दिवसाचा जवळपास सगळा शिधा शिरेतून आत. दुसरी सैंधवाची. उपासाला चालतं म्हणून पथ्यालाही चालेल असं समजून समुद्राचं मीठ बंद करून सैंधव सुरू करतात. तेही सोडियम क्लोराइडच. तिसरी अंगदुखीच्या गोळ्यांची. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी मूत्रपिंड मीठ आणखी घट्ट धरतं आणि लघवीच्या गोळ्यांचा परिणाम बोथट होतो.

आणि दुकानात 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. रक्तदाबाच्या माणसाला ते उपयोगी पडेलही. पण स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम अंगात धरून ठेवतं, आणि शहाळ्याच्या एका नगात साधारण अर्धा ग्रॅम पोटॅशियम असतं. गोळी चालू, वर हे मीठ, वर आजाऱ्याला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने आणलेलं शहाळं, असं जमलं तर सोडियमच्या काळजीत असलेल्या घरात पोटॅशियम हृदयाची लय बिघडवण्याइतकं वर जाऊ शकतं. म्हणून पुढच्या तपासणीला जाताना अहवालात सोडियमच्या खालची ओळही डॉक्टरांना दाखवावी, आणि घरात कुठलं मीठ आहे त्याची पिशवी सोबत न्यावी.